वॉर्ड पाहून ठेवणं

सातव्या महिन्यात मी पुण्याहून वाशिमला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा शिरस्ता. तपासण्या पुण्यात झाल्या, सोनोग्राफीच्या फायली पुण्यातल्या. बाळंतपण मात्र अशा दवाखान्यात होणार, ज्याची पायरीही मी चढले नव्हते. आईला म्हटलं, एकदा वॉर्ड पाहून येऊ. आजी बाजेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "तिथं पाहाले काय ठेवलं हाय? लग्नाचा मांडव हाय का तो?"

आजीची सगळी बाळंतपणं रिसोड तालुक्यातल्या तिच्या घरी, मागच्या खोलीत झाली. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी आणि गावातली सुईण. सात लेकरं झाली, पाच जगली. खोली आधी पाहून ठेवायची तिला गरजच नव्हती. ती खोली तिनंच सारवलेली होती.

आपण जिथे बाळंत होणार ती जागाच ठाऊक नसणं, ही स्थिती प्रसूतिगृहांबरोबर आली. भीतीही बरोबर आली, आणि ती नेहमी अडाणीपणाची नव्हती. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. भरतीचे दिवस आलटून पालटून असत. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून बायका गयावया करत. काही तर रस्त्यातच बाळंत होणं पत्करत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. कारण १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी शोधलं. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीच्या खोलीत जात होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केल्यावर मृत्यू झपाट्यानं घटले. कोणता वॉर्ड वाईट, हे मात्र बायकांना डॉक्टरांच्या आधीच कळलेलं होतं.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. वॉर्डच नव्हते; जिथे होते तिथे तपासणारे पुरुष होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे सोपवायचं ठरलं होतं. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसाव्या वर्ष पुरं होण्याआधीच, त्या गेल्या. तो विभाग त्यांना चालवता आला नाही.

त्याच काळात, १८८६ मध्ये, मुंबईत कामा रुग्णालय उघडलं. पेस्तनजी कामांनी देणगी दिली आणि एडिथ पीची या डॉक्टरबाईंनी ते सांभाळलं. त्याच्या आदल्या वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. वऱ्हाडात ते नाव अजून जिभेवर आहे. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही 'डफरीन'च म्हणतात. अकोल्याचं 'लेडी हार्डिंग'ही तसंच. १९०५ मध्ये जुना वाशिम जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्यात गेलं. स्वतंत्र जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत अडलेल्या बाईसाठी जिल्ह्याचा दवाखाना म्हणजे अकोला, ऐंशी किलोमीटरवर. आमच्याकडे 'अकोल्याले नेलं' एवढं ऐकलं तरी घर गप्प होतं, ते आजही.

पण इमारत उभी राहिली म्हणून बायका आत येत नाहीत. बालविवाह झुगारून खटला लढलेल्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेच्या स्त्री रुग्णालयात रुजू झाल्या. तिथली एक आठवण सांगतात. बाळंतपणाला कोणी बाई दवाखान्यात येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून तिचं बाळंतपण तिथे केलं. शेळी नि करडू सुखरूप पाहून बायकांची भीड चेपली. मला तर ही 'वॉर्ड पाहून ठेवण्या'ची आपल्याकडची पहिली गोष्ट वाटते. समजावण्यापेक्षा दाखवणं बरं, हे त्या ओळखून होत्या. पुढे १९३३ मध्ये ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं: भीतीनं अंग आवळतं, अंग आवळलं की कळा अधिक दुखतात. पाश्चात्त्य देशांत गरोदर बायकांचे वर्ग सुरू झाले, त्यात वॉर्डाची फेरीही आली.

आपल्याकडे सगळा जोर बाईला दवाखान्यापर्यंत पोचवण्यावर राहिला, आणि ते गरजेचंच होतं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा ताई आल्या. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती; २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळपास ९५ टक्के झाली. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. पण तपासणी ओपीडीत होते, आणि बाई घरी परतते. प्रसूतीची खोली ती पहिल्यांदा पाहते, ती कळा सुरू असताना. नवं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी आम्ही चार वेळा रंगीत तालीम घेतो. इथे जीव दोन, आणि तालीम शून्य.

आम्ही गेलो. आजीही हट्टानं आली. सिस्टर आधी म्हणाल्या, "पेशंट आल्यावर दाखवू की." मी म्हटलं, पेशंट मीच आहे. त्या हसल्या आणि आत घेऊन गेल्या. मी विचारलेले प्रश्न साधे होते. रात्री दोनला आलो तर कोणत्या दारानं यायचं? रात्री डॉक्टर इथेच असतात की घरून येतात? रक्त लागलं तर कुठून आणायचं? अकोल्याला न्यायची वेळ आली तर गाडी कोण बोलावणार? पहिल्याच उत्तरात फेरीचं सार्थक झालं. पुढचं दार रात्री बंद असतं. मागच्या बाजूनं, औषधांच्या दुकानाशेजारून यायचं. ते त्या रात्री शोधत बसलो असतो.

आजीनं सगळी खोली न्याहाळली. टेबल, बाळाला ऊब द्यायचा दिवा, पडदा. मग सिस्टरना एकच विचारलं, "हिच्यासंगं आत कोनी राहू शकते का?"

घरातल्या खोलीत तिच्या उशाशी तिची आई बसलेली असे. तिला दवाखान्याबद्दल एवढंच जाणून घ्यायचं होतं. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी जवळची एक बाई सोबत असू द्यावी, अशी सूचना केंद्रानं २०१६ मध्ये काढली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमानं त्यात पडदा, आडोसा आणि सन्मानाची वागणूक यांची भर घातली. कागदावर आलेली ही गोष्ट आजीला कोणी सांगितली नव्हती.

"एक जण," सिस्टर म्हणाल्या, "पण बाईमाणूसच."

रिक्षात बसल्यावर आजी आईला म्हणाली, "तू घाबरट हायस. मी बसीन."