आधी गुणाकार का?

'कंचेभागुबेव' हा मंत्र मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पदावली सोडवण्याचा हा क्रम. पण हा क्रम आला कुठून? मंत्र पाठ करताना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो.

बाराव्या शतकातले आपले भास्कराचार्य पाहा. 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात राशीसाठी त्यांनी 'यावत्-तावत्' या शब्दातलं 'या' घेतलं आणि सुट्या संख्येसाठी 'रूप' या शब्दातलं 'रू'. 'या ३ रू ५' म्हणजे आपलं ३क्ष + ५. बेरजेसाठी वेगळं चिन्हच नाही! बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींचीच करावी आणि भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात, असा त्यांचा नियम आहे. आज ३क्ष + ५ चे ८क्ष करणाऱ्या मुलाला हेच तर सांगायचं असतं.

दुकानात १० रुपयांची पेन्सिल आणि ३० रुपयांना एक अशा ५ वह्या घेतल्या, तर बिल १० + ५ × ३०, म्हणजे १६० रुपये. दहा आणि पाच आधी मिळवले तर ४५० होतील. पण ते दहा आहेत रुपये आणि पाच आहेत वह्या, त्यांची बेरीज व्हावी कशी? गुणाकारानं वह्यांचे रुपये झाले की मगच बेरीज करता येते.

आपली आजची चिन्हं युरोपातून आली. अधिक-उणे १४८९ मध्ये जर्मनीत छापले गेले. बरोबरचं चिन्ह १५५७ मध्ये, गुणिलेची फुली १६३१ मध्ये आणि भागिलेचं चिन्ह १६५९ मध्ये आलं. ती एका ओळीत बसली आणि आधी काय करायचं, हे ठरवणं भाग पडलं. गुणाकार बेरजेच्या आधी, यावर फारसा वाद झाला नाही. गुणाकार-भागाकार एकत्र आले तर काय, यावर मात्र एकमत नाही, असं गणितचिन्हांचे इतिहासकार फ्लोरियन काजोरी यांनी १९२८ मध्ये नोंदवलं होतं. 'डावीकडून उजवीकडे' हा आजचा शालेय नियम म्हणजे निव्वळ संकेत आहे, रस्त्यानं डावीकडून चालण्यासारखा.

आणि इथंच मंत्र फसवतो. १० − ४ + ३ सोडवताना 'बे' आधी म्हणून कुणी ४ आणि ३ मिळवले, तर उत्तर ३ येतं. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी.

म्हणून मुलांना मंत्र जरूर द्यावा. पण त्यातला कोणता भाग अर्थातून आला आणि कोणता माणसांनी सोयीसाठी ठरवला, हेही सांगावं. मग गणित पाठांतराचा विषय राहणार नाही.