वाचलं खरं, पण कळलं का? आकलन शिकवण्याची शंभर वर्षं

आजचा भाग शाळेतल्या एका जुन्या दुखण्याबद्दल आहे. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं आवरून इथे लिहून ठेवतोय.

चौथीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. धडा वाचायला उभी राहते. जोडाक्षरं नीट, काना-मात्रा नीट, पूर्णविरामाला थांबते. बाई खूश. मग बाई विचारतात, "काय झालं गं या गोष्टीत?" ती पुस्तकात बघते आणि पहिलं वाक्य परत वाचून दाखवते. बस्स.

ज्याला अक्षरच येत नाही, तो मूल निदान लक्षात तरी येतं. ही मुलगी लक्षात येत नाही. पाचवी-सहावीत विज्ञानाचे धडे आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं आली की ती अडते, आणि आपण म्हणतो, "लक्षच नाही हिचं अभ्यासात." तर आजचा प्रश्न असा: वाचलेलं समजणं ही शिकवायची गोष्ट आहे, हे माणसांना कधी कळलं? आणि ती शिकवायची कशी, हे कुणी शोधलं?

सुरुवात करू १९१७ पासून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी शाळकरी मुलांना एक छोटा उतारा दिला. फ्रँकलिन नावाच्या गावात मुलांनी शाळेत कधी यायलाच हवं आणि कुठल्या कारणानं सूट मिळते, एवढाच मजकूर. मग प्रश्न: हा उतारा कशाबद्दल आहे? काही मुलांनी नुसतंच "फ्रँकलिन" असं लिहिलं. काहींनी चक्क थोर संशोधकाचा उल्लेख केला! म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. एक ओळखीचा शब्द दिसला आणि मुलं त्याच्याच मागे गेली, बाकीचा उतारा राहिला बाजूला.

थॉर्नडाइक यांनी निष्कर्ष काढला की परिच्छेद समजून घेणं हे गणित सोडवण्यासारखं आहे. प्रत्येक शब्दाला योग्य तेवढं वजन द्यायचं, त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचा, नको ते बाजूला सारायचं. वाचणं म्हणजे विचार करणं. १९१७ साली हे छापून आलं, बरं का. मग पुढं शाळांनी काय केलं?

शाळांनी प्रश्न वाढवले. धड्याखाली स्वाध्याय, रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरं द्या. समजूत अशी की प्रश्न भरपूर विचारले की समज आपोआप येईल.

या समजुतीला धक्का बसला १९७८-७९ मध्ये. इलिनॉय विद्यापीठातल्या डोलोरेस डर्किन या संशोधक शाळांमध्ये जाऊन वर्गात मागे बसल्या आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. बघायचं एकच होतं: आकलन शिकवण्यात किती वेळ जातो? चौथीच्या वर्गांत त्यांनी वाचनाच्या तासांची सुमारे साडेचार हजार मिनिटं पाहिली. त्यातली आकलन प्रत्यक्ष शिकवण्याची मिनिटं एक टक्काही भरली नाहीत. समाजशास्त्राच्या तासांना तर काहीच नाही.

मग शिक्षक रिकामे बसले होते का? छे. ते सारखे प्रश्न विचारत होते, उत्तरं तपासत होते, स्वाध्यायाचे कागद वाटत होते. डर्किन यांचं म्हणणं असं की ही सगळी परीक्षा झाली. मुलाला समजलं की नाही, हे त्यातून कळतं. ज्याला समजलं नाही त्यानं समजून घेण्यासाठी काय करायचं, हे त्याला कुणीच सांगत नव्हतं. पोहायला येतं का, हे रोज विहिरीत ढकलून बघायचं आणि हात कसे मारायचे ते दाखवायचं नाही, तसा हा प्रकार.

आता त्याच इलिनॉय विद्यापीठात दोघी जणी काम करत होत्या. एक अ‍ॅनमरी पॅलिन्सर, विशेष शिक्षणाच्या क्षेत्रातल्या. दुसऱ्या अ‍ॅन ब्राउन, मूळच्या इंग्लंडच्या. ब्राउन यांना स्वतःला लहानपणी वाचता येत नव्हतं. वाचन आलं तेराव्या वर्षी. पुढं त्या शिकण्याच्या मानसशास्त्रातल्या मोठ्या अभ्यासक झाल्या.

या दोघींचा शोधनिबंध १९८४ साली आला. मुलं सातवीतली, अक्षरओळख आणि वाचनाचा वेग ठीक, पण आकलनात बरीच मागे. म्हणजे आपली मघाची मुलगीच, जरा मोठी झालेली. उपाय दिसायला अगदी साधा. मुलांचे लहान गट करायचे. एकेक परिच्छेद वाचायचा आणि दर वेळी एका मुलानं "सर" किंवा "बाई" व्हायचं. त्या मुलानं चार कामं करायची: परिच्छेदावर एक चांगला प्रश्न विचारायचा, थोडक्यात सार सांगायचं, जिथं अडलं ते उलगडायचं, आणि पुढं काय येईल त्याचा अंदाज बांधायचा.

समजा उताऱ्यात असं आहे: ओढा आटला, म्हणून गुराखी गुरं खालच्या डोहाकडं घेऊन गेला. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि तो घाईघाईनं परत फिरला. आता "ओढा आटल्यावर गुराखी कुठे गेला?" हा प्रश्न कुणीही विचारेल. उत्तर ओळीतच आहे. पण "आभाळ भरून आल्यावर त्यानं घाई का केली?" हा प्रश्न विचारायचा तर ओढा, डोह, पाऊस, परतीची वाट, सगळं डोक्यात जुळवावं लागतं. एखादं पोर म्हणतं, "बाई, डोह म्हणजे काय?" झालं, उलगडा करायची वेळ आली. दुसरं म्हणतं, "आता ओढ्याला पूर येणार बघा." हा अंदाज. तो खरा ठरतो की नाही, हे बघायला सगळे पुढचा परिच्छेद वाचतात. चांगला वाचक मनातल्या मनात जे करतो, ते इथं मोठ्यानं, सगळ्यांसमोर होतं. मागे पडलेल्या मुलाला ते आयुष्यात पहिल्यांदा दिसतं.

त्या निबंधात एका मुलाची नोंद आहे. पहिल्या दिवशी सापांवरचा उतारा होता. त्याला प्रश्नच करता येईना. वाक्याचे तुकडे जोडायचा प्रयत्न केला आणि आपल्याला हे जमत नाही म्हणून थांबला. शिक्षिकेनं त्याला अर्धा प्रश्न तयार करून दिला, तोही अडखळला, मग पूर्ण प्रश्न दिला आणि त्यानं तो फक्त म्हटला. पुढच्या दिवसांत तिची मदत कमी होत गेली. पंधराव्या दिवशी, शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवावर अभ्यासाला का जातात, असा नेमका प्रश्न त्यानं आपला आपण विचारला.

हे सगळं चाललं साधारण वीस दिवस, रोज अर्धा तास. सुरुवातीला ही मुलं आकलनाच्या चाचणीत निम्मे प्रश्नही सोडवत नव्हती. शेवटी शंभरात सत्तर-ऐंशीपर्यंत पोचली.

यामागचा विचार रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचा. मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीनं करतं, ते उद्या एकटं करेल. इमारतीला परांची बांधतात ना, तशी ही मदत. भिंत उभी राहिली की परांची काढायची असते.

लहान गट का लागतो, तेही यातच आलं. पन्नास पोरांच्या वर्गात प्रत्येकाला बाई व्हायची पाळी येणार कधी? अडखळणाऱ्या मुलाला अर्धा प्रश्न कोण देणार? आणि "मला कळलं नाही" हे वाक्य पन्नास जणांसमोर बोलायला फार धैर्य लागतं. पाच जणांत ते सहज निघतं. इथं तर ते बोलणं हे एक कामच आहे, त्यात लाज कसली?

आता दुसरी बाजूही बघू. १९९४ साली रोझेन्शाइन आणि माइस्टर यांनी या पद्धतीवरचे सोळा अभ्यास एकत्र तपासले. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांत फायदा मोठा दिसला, प्रमाणित चाचण्यांत बराच कमी. तेव्हा जादूची कांडी वगैरे काही नाही. आणि चार कामांचे तक्ते भिंतीवर लावून पोरांकडून ती पाठ म्हणून घेतली, तर पुन्हा नवा स्वाध्यायच तयार होतो.

आता आपल्याकडे येऊ. लहान गटाचा मोठा प्रयोग मुंबईतच झाला. 'प्रथम' ही संस्था नव्वदच्या दशकाच्या मध्यात इथं सुरू झाली. तिच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातले दोन तास वेगळं शिकवायची. मुंबई आणि वडोदरा इथं अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. वयापेक्षा पातळी बघून गट करा, हा विचार तिथून देशभर आणि देशाबाहेरही गेला.

पण या गटांचा पहिला भर मूलभूत वाचनावर होता, आणि ते साहजिकच होतं. जो अक्षरात अडलाय त्याला आधी अक्षर हवं. प्रश्न पुढचा आहे. ते मूल वाचायला लागलं की आपण म्हणतो, झालं काम. इथंच चौथीतली ती मुलगी निसटते. पालघरमधल्या वाड्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणाऱ्या 'लिरिल' या अभ्यासातही हेच पुढं आलं. सुरुवातीच्या वर्गांत सगळी शक्ती अक्षरं आणि बाराखडीवर जाते. अर्थ लावायला, बोलायला जागा फार थोडी उरते.

म्हणून या इतिहासातून एकच गोष्ट घ्यायची तर मी ही घेईन: प्रश्न विचारण्याचं काम मुलाच्या हातात द्या. पाच पोरं, एक परिच्छेद, वीस-पंचवीस मिनिटं. पहिल्यांदा तुम्ही बाई व्हा आणि तुम्ही स्वतः कुठं अडता, परत मागं जाऊन काय बघता, ते मोठ्यानं बोलून दाखवा. मग पाळी मुलांची. पहिले काही दिवस प्रश्न तोडकेमोडके येतील. येऊ द्यात. अर्धा प्रश्न तुम्ही पुरवा, उरलेला ते पुरवतील.

कुणी वर्गात किंवा घरी करून बघितलंत तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.