बोईसर, वार्ताहर

पाळी सुटलीय. कुंभवली नाक्यावर रिक्षा, सायकली, कंपन्यांच्या बसची झुंबड उडालीय आणि हवेत रसायनांचा उग्र दर्प आहे. टपरीवर तुम्ही स्थानिक अंक उघडता. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी आणि नवापूरचा समुद्र. याच पाण्यापायी मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली होती. बातमीवर नाव नाही, नुसतं ‘बोईसर, वार्ताहर’. पण तो कोण, कुठल्या चाळीत राहतो, मोटारसायकल कुठली, हे टपरीवाल्यालाही ठाऊक आहे. ज्यांच्याविरुद्ध छापलंय, त्यांनाही.

दर्प विरतो. आता तुम्ही राजापुरात आहात. 6 फेब्रुवारी 2023, सोमवार. हातात ‘महानगरी टाइम्स’चा ताजा अंक. बारसूच्या रिफायनरीसाठी जमिनीचे व्यवहार करणाऱ्या, गुन्हे दाखल असलेल्या एका माणसाचा फोटो फलकांवर पंतप्रधान, मुख्यमंत्र्यांच्या पंगतीला कसा, हे पत्रकार शशिकांत वारिशेंनी लिहिलंय. दुपारी ते महामार्गावरच्या पेट्रोल पंपाजवळ स्कूटरवर दिसतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. तुम्ही हाक मारता, आवाज फुटत नाही. थार गाडी येते. धडक. फरफट. बातमी सकाळची, गाडी दुपारची.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात वारिशेंचा मृत्यू झाला. वय 48. ज्याच्याविषयी लिहिलं होतं, त्यालाच अटक झाली. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2017 मध्येच संमत केला होता.

मला राहून राहून पवई आठवते. जून 2011 मध्ये तिथे पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांना आधी कुणीतरी डे दाखवून दिले होते, असं सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितलं. तालुक्याच्या गावी दाखवून देण्याचीही गरज पडत नाही.

दर्प पुन्हा नाकात शिरतो. कुंभवली नाका. तो वार्ताहर येतो, कटिंग घेतो.

“काय भाऊ, उद्या काय छापताय?” टपरीवाला विचारतो.

तो नुसता हसतो, पैसे ठेवतो, किक मारतो. तुम्ही त्याच्या मागून निघालेल्या गाड्यांचे दिवे मोजू लागता.