स्क्रीन रीडर मेन्यू आणि सेटिंग्ज वाचेनासा झाला तर

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. काचबिंदूने किंवा मधुमेहाने नजर अधू झालेले आपले कितीतरी ज्येष्ठ सभासद आज त्याच्या भरवशावर बातम्या वाचतात, पत्रे लिहितात, बँकेचे व्यवहार पाहतात. हे सारे सुरळीत चालू असताना एखाद्या दिवशी स्टार्ट मेन्यू किंवा सेटिंग्ज उघडल्यावर आवाज गप्प होतो. मग "जरा बघून दे रे" म्हणत नातवाला बोलवायचे, आणि बघता बघता पासवर्डही त्याच्याच वहीत जातो. बहुतेक वेळा दोष क्षुल्लक असतो आणि तो स्वतःला, पडदा न पाहता, दूर करता येतो. म्हणून ही माहिती.

येथे विंडोजचाच विचार केला आहे. त्यात नॅरेटर हा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. दुसरा एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला आणि तो आजही विनामूल्य मिळतो. आपल्याकडे बहुतेकजण तोच वापरतात, त्यामुळे पुढील खुलासा मुख्यतः त्याचा आहे.

आधी गप्प कोण आहे ते ओळखा

विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणे एकत्र दाबली की नॅरेटर सुरू होतो. तो बोलला तर स्पीकर ठीक आहे आणि दोष एनव्हीडीएचा आहे. तोही मुका राहिला तर आवाजच दुसरीकडे जातो आहे असे समजावे. ब्लूटूथचा हेडफोन शेजारच्या खोलीत चालू राहिलेला असतो, किंवा संगणक टीव्हीला जोडलेला असतो. आमच्या घरी एकदा दोन तास खटपट झाली आणि आवाज मात्र उशीखालच्या हेडफोनमधून येत होता!

खात्री झाली की तीच तीन बटणे पुन्हा दाबून नॅरेटर बंद करावा. हे विसरू नये. दोन्ही एकदम चालू राहिले तर दोघे एकमेकांवर बोलतात. शिवाय दोघांची हुकमाची बटणे तीच, इन्सर्ट आणि कॅप्स लॉक. त्यामुळे दिलेला हुकूम भलत्यालाच जातो.

एनव्हीडीए बंद पडला असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून तो पुन्हा सुरू होतो. आधीच चालू असला तरी याने तो नव्याने उभा राहतो, म्हणून अडले की प्रथम हेच करून पाहावे.

चालू आहे, पण बोलत नाही

एनव्हीडीएचे बहुतेक हुकूम इन्सर्ट धरून द्यायचे असतात. इन्सर्ट आणि एस दाबले की बोलण्याची पद्धत बदलते: बोलणे, नुसते बीप, पूर्ण मौन. २०२४ च्या आवृत्तीपासून "मागितले तरच बोलणे" ही चौथी पद्धतही आली आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळ तीच करते. इन्सर्ट आणि टी दाबून खिडकीचे नाव विचारले तर एनव्हीडीए ते सांगतो, पण मेन्यूत बाणांनी फिरताना अवाक्षर काढत नाही. ऐकणाऱ्याला वाटते मेन्यूच बिघडला. इन्सर्ट आणि एस पुन्हा पुन्हा दाबत "बोलणे" येईपर्यंत जावे.

दुसरे कारण झोपेची स्थिती. इन्सर्ट, शिफ्ट आणि एस चुकून दाबले गेले की एनव्हीडीए फक्त त्या एका प्रोग्रामपुरता झोपतो, बाकी सगळीकडे बोलतो. एकच खिडकी मुकी असेल तर त्या खिडकीत उभे राहून तीच तीन बटणे पुन्हा दाबावीत.

लॅपटॉपवर इन्सर्ट बटण सापडतच नाही, किंवा ते एफएन धरून दाबावे लागते. अशा वेळी एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला तेच काम द्यावे. मोठ्या कीबोर्डवर उजवीकडच्या अंकांच्या पट्टीतला शून्य इन्सर्टचे काम करतो, पण नम लॉक बंद असेल तरच. तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

स्टार्ट मेन्यू आणि सेटिंग्ज

स्टार्ट मेन्यूत टॅबने भटकू नये. विंडोज बटण दाबावे आणि हव्या त्या प्रोग्रामचे नाव सरळ टाइप करावे. काहीच ऐकू आले नाही तर खालचा बाण आणि मग वरचा बाण दाबावा. आपण कुठे आहोत हे कळेनासे झाले तर इन्सर्ट आणि टॅबने सध्याची जागा कळते, इन्सर्ट आणि बी ने सगळी खिडकी वाचली जाते. स्टार्ट आणि टास्कबार दोन्ही गारठले असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपने टास्क मॅनेजर उघडून त्यातील विंडोज एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावे.

सेटिंग्ज विंडोज आणि आय ने उघडतात, आणि सुगम्यतेचा भाग विंडोज आणि यू ने थेट उघडतो. ही खिडकी दोन भागांत असते: डावीकडे विषयांची यादी, उजवीकडे निवडलेल्या विषयाचे पर्याय. यादीत बाणांनी फिरायचे, पुढच्या भागात टॅबने जायचे. टॅब दाबूनही यादीतून सुटका होत नसेल तर एफ ६ दाबून पाहावे. मला स्वतःला यापेक्षा शोधाच्या चौकटीत शब्द टाइप करणे सोपे वाटते.

"सेटिंग्जमध्ये मजकूर आहे, पण वाचत नाही" ही तक्रार नेहमीची. त्याचे कारण असे की टॅब फक्त चालवता येणाऱ्या गोष्टींवर थांबतो, म्हणजे बटणे, चौकटी, याद्या. खाली लिहिलेली सूचना किंवा आकडा तो ओलांडून जातो. तो वाचायला इन्सर्ट धरून अंकांच्या पट्टीतले ४ आणि ६ दाबून मागच्या-पुढच्या वस्तूवर जावे, ८ ने बाहेरच्या आणि २ ने आतल्या. लॅपटॉपच्या मांडणीत हेच काम इन्सर्ट, शिफ्ट आणि बाण करतात. सवय व्हायला आठवडा लागतो, पण एकदा हे जमले की पडद्यावरचा फारच थोडा मजकूर हातून सुटतो.

विंडोज ११ मध्ये फाइलवर उघडणारा मेन्यू बदलला. कापणे, नक्कल करणे वगैरे वर एका ओळीत आले आणि जुने पर्याय मागे गेले. शिफ्ट आणि एफ १० दाबले की जुना मेन्यू उघडतो.

परवानगीची खिडकी

एखादा प्रोग्राम बसवताना "टुंग" असा आवाज होतो आणि मग शांतता. ही प्रशासकीय परवानगीची खिडकी, तिच्याभोवती विंडोज सुरक्षेची भिंत घालते. पेन ड्राइव्हवरून चालवलेला एनव्हीडीए या भिंतीपलीकडे पोहोचत नाही, तिथे तो संगणकावर रीतसर बसवलेलाच असावा लागतो. न ऐकता "हो" दाबून मोकळे होऊ नका, परवानगी कोणाला देतो आहोत ते कळायलाच हवे. आणि फोनवरून "मी दुरून दुरुस्त करतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर मुळीच नको.

मराठी विंडोज आणि मुके मेन्यू

घरातल्या कुणी हौसेने विंडोज मराठीत करून दिले की एक वेगळीच गंमत होते. मेन्यू देवनागरीत येतात, आवाज मात्र इंग्रजीच राहतो, आणि अनेक इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे उच्चारतच नाहीत. बिघाड काही नसतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस ने ईस्पीक निवडावा, नंतर इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही ने आवाजांच्या यादीत मराठी घ्यावा. कानाला तो यांत्रिक लागतो, पण संगणक इंग्रजीत, पत्रे मराठीत आणि बँकेचे संदेश हिंदीत अशा आपल्या घरांत तोच बरा पडतो.

तरीही जमले नाही तर

इन्सर्ट आणि क्यू दाबल्यावर बाहेर पडण्याचे पर्याय येतात. त्यात जोडसामग्री बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आहे. तसे केल्यावर मेन्यू बोलू लागले तर दोष एखाद्या जोडसामग्रीचा. एखादा प्रोग्राम काढून टाकल्यानंतर मेन्यू गप्प झाले असतील तर इन्सर्ट आणि एन ने एनव्हीडीएचा मेन्यू उघडून टूल्समधले "कॉम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल" चालवावे. प्रोग्राम काढताना विंडोजच्या ज्या नोंदी बिघडतात त्या ते नीट करते.

सगळे नीट चालू असेल त्या दिवशी इन्सर्ट, कंट्रोल आणि सी दाबून मांडणी जतन करून ठेवावी. पुढे गोंधळ झाला की इन्सर्ट, कंट्रोल आणि आर एकदा दाबले की तीच मांडणी परत येते. लागोपाठ तीनदा दाबले तर मूळची कोरी मांडणी येते आणि आपली निवड पुसली जाते.

मदत करणाऱ्या घरच्यांना एक विनंती. आजोबांच्या हातून माऊस घेऊ नका. तुम्ही माऊसने जे कराल ते त्यांना उद्या करता येणार नाही. कोणते बटण काय करते हे दोघांनाही आठवत नसेल तर इन्सर्ट आणि १ दाबा. मग प्रत्येक बटण आपले काम नुसते सांगते, करत नाही. पुन्हा तेच दाबले की नेहमीचे काम सुरू.

विंडोज ७ चा जुना संगणक अजून चालू असेल तर त्यावर एनव्हीडीएची २०२३.३ ही मालिकाच शेवटची चालते, २०२४.१ ला किमान विंडोज ८.१ लागते. नवी आवृत्ती बसत नाही म्हणून दुकानदार नवा संगणक सुचवेल, त्याआधी ही जुनी आवृत्ती बसवून पाहावी.