एका दिवसाचे स्थलदर्शन आणि साताऱ्याचा इतिहास

ऐतिहासिक स्थळांच्या दर्शनास इतिहासाच्या अध्यापनात फार पूर्वीपासून स्थान मिळालेले आहे. परंतु ते दर्शन कोण घडवितो, कोणत्या क्रमाने घडवितो आणि त्या क्रमामुळे पाहणाराच्या मनात गतकाळाचे कोणते चित्र उमटते, या प्रश्नांचा विचार क्वचितच केला जातो. माहितगारास बरोबर घेऊन एका दिवसात एखादे जुने शहर पाहून परतणे ही आता जगभर रूढ झालेली रीत आहे. माद्रिदपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेले टोलेडो हे स्पेनमधील प्राचीन नगर असेच पाहिले जाते. सकाळी निघावे, ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर चढावे, मुसलमान, यहुदी व ख्रिस्ती या तिन्ही समाजांच्या वास्तू पाहाव्यात आणि सायंकाळी परतावे. तेथील अल्काझार नावाच्या गढीला १९३६ मध्ये यादवी युद्धात वेढा पडला होता. त्या वेढ्याची हकीगत पुढे जवळजवळ चाळीस वर्षे विजयी पक्षाच्याच तोंडून सांगितली गेली. गढी तीच राहिली. सांगणारे बदलले तेव्हा ऐकू येणारा इतिहासही बदलला.

हा दूरचा दाखला देण्याचे कारण असे की, जी गोष्ट टोलेडोविषयी खरी आहे ती आपल्या साताऱ्याविषयीही खरी आहे. सांगलीहून विद्यार्थ्यांसमवेत साताऱ्यास एका दिवसाची सहल करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या दिवशी जे पाहिले व ऐकले, आणि जे पाहावयाचे व ऐकावयाचे राहून गेले, त्याची छाननी करणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

माहितगाराच्या मागून चालण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. कृष्णाकाठच्या वाई, माहुली यांसारख्या क्षेत्रांत यात्रेकरूस घाटावरून देवळात व देवळातून संगमावर नेणारा क्षेत्रोपाध्याय हा आपला जुना माहितगार होय. त्याचा क्रम ठरलेला असे आणि प्रत्येक ठिकाणी सांगावयाची कथाही ठरलेली असे. यात्रेकरूने तेथे शंका विचारावयाची नसते. दर्शन घ्यावयाचे असते. आजच्या ऐतिहासिक सहलीने ही पद्धती नकळत उचलली आहे. स्थळांचा क्रम रस्त्याच्या सोयीने लागतो, काळाच्या ओघाने लागत नाही. आणि श्रोता शंका घेऊन आलेला असला तरी श्रद्धा घेऊन परत जातो.

सांगली ते सातारा हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर असून वाट कऱ्हाडवरून जाते. या प्रवासाला आणखी एक अर्थ आहे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते हे खरे. परंतु वाळवे, तासगाव, खानापूर या तालुक्यांतील मुले साताऱ्यास जातात तेव्हा ती आपल्या पणज्यांच्या जिल्ह्याच्या गावालाच जात असतात.

आमचे माहितगार साताऱ्यातीलच एक वयस्क गृहस्थ होते. मुले त्यांना काका म्हणू लागली. शहरातील सोमवार, मंगळवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा या पेठा त्यांना आपल्या घरातील खोल्यांसारख्या परिचित होत्या. कोणता वाडा पूर्वी कोणाचा होता, कोणती वाट किल्ल्याच्या माचीवर जाते, हे त्यांनी चालता चालता सांगितले. अशी माहिती दप्तरांतून सहजी हाती येत नाही; ती अशा माणसांजवळच असते. पुढे केलेली चिकित्सा त्यांना उणेपणा देण्यासाठी नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

दर्शनाचा आरंभ अजिंक्यताऱ्यापासून झाला. कोणासही कधी जिंकता आला नाही म्हणून हा अजिंक्यतारा, असे काकांनी सांगितले आणि मुलांनी ते वहीत टिपून घेतले. वस्तुस्थिती अशी की, हा किल्ला अनेक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन त्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो चार महिन्यांहून अधिक काळ लढविला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्या सुरुंगात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले व जिवंत बाहेर काढले गेले, अशी हकीगत आहे. दुसरा सुरुंग उलट मोगलांच्याच अंगावर कोसळून त्यांची मोठी प्राणहानी झाली. तथापि २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि एप्रिलात किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. औरंगजेबाने आपल्या मुलाच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी तो परत घेतला तेव्हा त्यास अजिंक्यतारा हे नाव मिळाले. त्यानंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी तो ताराबाईंच्या पक्षाकडून घेतला, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. १८१८ च्या फेब्रुवारीत तो इंग्रजांच्या हाती गेला.

तेव्हा अजिंक्यतारा हे नाव घडलेल्या गोष्टीचे वर्णन नसून, गमावलेले परत मिळविणाऱ्यांनी केलेला संकल्प आहे. असे सांगितल्याने किल्ल्याची थोरवी कमी होते काय? आमच्या मते ती वाढते. कधीच न पडलेल्या किल्ल्याची कथा ऐकून अभिमान वाटेल. परंतु पडलेला किल्ला ज्यांनी पुन्हा उभा केला त्यांची कथा ऐकून माणसास काही शिकता येते.

दुसरा प्रसंग संग्रहालयात चर्चिला गेलेल्या वाघनखांचा. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आणून ठेवण्यात आली होती आणि ती पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानावर चालली ती हीच, असे काकांनी निःशंकपणे सांगितले. परंतु लंडनचे संग्रहालय स्वतः तसे खात्रीने म्हणत नाही. त्याचा आधार एवढाच की, ही वाघनखे साताऱ्याचा पहिला इंग्रज प्रतिनिधी जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याच्याकडे होती, आणि त्यांच्या पेटीवर तशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. हा मजकूर चिकित्सेस पात्र आहे. त्यात शिवाजी महाराजांनी याच शस्त्राने मोगल सेनापतीस मारले असे म्हटले आहे. परंतु अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पेशव्यांच्या प्रधानाने हे शस्त्र ग्रँटला साताऱ्यास असताना दिले असेही त्यात आहे. परंतु पेशवा स्वतःच छत्रपतींचा प्रधान, आणि ग्रँटचा साताऱ्यातील अधिकार सुरू झाला त्याच वर्षी, १८१८ मध्ये, पेशवाई संपुष्टात आली. मजकूर लिहिणारास मराठी राज्याची नीटशी माहिती नव्हती, एवढे यावरून उघड होते. वाघनखे खोटी ठरतात असे मात्र यावरून म्हणता येत नाही. ती खरी असल्याचे सिद्ध होत नाही, इतकेच म्हणता येते. ‘खोटे’ आणि ‘असिद्ध’ यांतील हा भेद विद्यार्थ्यांस कळला तर त्या दिवसाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.

दुपारी राजवाड्यापाशी आलो. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतील. तो रस्त्यावरूनच दाखविण्यात आला. येथे एका विद्यार्थिनीने विचारले, “काका, मग साताऱ्याचे राज्य गेले कसे?” काका क्षणभर थांबले, “ते इंग्रजांनी घेतले, बाळ,” एवढे म्हणाले आणि पुढे चालू लागले. पुढील थांबा माहुली हा होता.

त्या दिवसातील खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर आम्ही उभे होतो त्याच परिसरात होते. १८१९ च्या सप्टेंबरात झालेल्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या राज्यावर बसविले. महाराजांनी कारभारात जातीने लक्ष घातले. महाबळेश्वरची वाट त्यांच्याच काळात सुधारली, आणि १८२९ मध्ये वाई भागातील खंडाळे गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे गेली. पुढे कंपनी सरकारशी वितुष्ट आले. कटाचा आरोप ठेवून ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून धन्याच्या न्यायासाठी अर्ज, सभा व भाषणे यांच्या मार्गाने झगडले. इकडे प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मान्य केले नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य खालसा करण्यास विरोध केला होता, तरीही ते खालसा झाले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने घेतलेल्या संस्थानांत सातारा पहिले होय. १८५७ च्या ८ सप्टेंबरला साताऱ्यातील गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शासन देण्यात आले. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम हेही होते. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

एवढा इतिहास आमच्या दिवसातून गळाला. तो का गळावा? एक कारण असे की, किल्ल्याला तट आहे, माहुलीला देऊळ आहे; अर्जाला व दाव्याला वास्तू नसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. तलवारीने जिंकल्याची कथा सांगणे सोपे असते. कागदाने राज्य गेल्याची आणि कागदानेच ते परत मागितल्याची कथा सांगावयास वेळ लागतो, आणि तिचा शेवट सुखाचा नाही. परंतु लोकशाहीत वाढणाऱ्या विद्यार्थ्यास अर्ज, साक्षीपुरावा आणि जाहीर चर्चा यांनी दिलेली ही झुंज अधिक जवळची आहे.

राजवाड्याच्या परिसरातील शाळेविषयीही असेच म्हणावे लागेल. याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाचा विद्यार्थी इंग्रजी पहिलीत दाखल झाला. प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ती आज ओळखली जाते. छत्रपतींच्या वाड्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील मुलगा शिकू लागला, आणि पुढे त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाच्या राज्यघटनेचा मसुदा घडविला. साताऱ्याच्या इतिहासात याहून मोठे स्थित्यंतर दाखविणे कठीण आहे, आणि ते दाखविण्यास माहितगारास पाच मिनिटे पुरली असती.

सायंकाळी माहुलीस पोचलो. कृष्णा व वेण्णा यांचा संगम, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधविलेले विश्वेश्वराचे देऊळ, आणि शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचे स्मारक. त्या कुत्र्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला ही कथा काकांनी फार सुरेख सांगितली. ती परंपरा आहे, आणि परंपरा म्हणूनच ती जपली पाहिजे. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे हेही याच माहुलीचे. त्यांचे नाव निघताच काकांचा स्वर बदलला. परतीच्या वाटेवर तीच विद्यार्थिनी पुन्हा म्हणाली, “सर, रामशास्त्री असते तर त्यांनी साताऱ्याच्या बाजूने निकाल दिला असता का?” या प्रश्नास इतिहास उत्तर देऊ शकत नाही, परंतु हा प्रश्न पडावा यासाठीच इतिहास शिकवावयाचा असतो.

या अनुभवावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, अशा सहलीपूर्वी विभागाने प्रत्येक स्थळाविषयी एक छोटे टिपण तयार करावे, आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे ते कागदपत्रांतून आले आहे, परंपरेतून आले आहे की अनुमानाने काढले आहे, हे लिहावे. विद्यार्थ्याने स्थळे रस्त्याच्या क्रमाने पाहावीत, पण रात्री वहीत ती काळाच्या क्रमाने पुन्हा लिहून काढावीत. कोणता काळ रिकामा राहिला ते त्याला आपोआप दिसेल. दुसरी सूचना माहितगारांविषयी आहे. द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९२५ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडला गेला होता. तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद पुण्यास गेले, पण पेठांची आणि वाड्यांची आठवण साताऱ्यातील वृद्धांपाशी उरली आहे. ती त्यांच्याकडून लिहून घ्यावी आणि त्यांच्या हाती आपली टिपणे द्यावीत. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे.

सांगलीस उतरताना त्या दिवशीच्या वह्या आम्ही गोळा केल्या. बहुतेकांत अजिंक्यतारा होता, वाघनखे होती, कुत्र्याचे स्मारक होते. एका वहीत मात्र शेवटच्या पानावर ‘रंगो बापूजी, चौदा वर्षे’ एवढेच शब्द होते, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. पुढील सहलीचा आरंभ त्या प्रश्नचिन्हापासून करण्याचे विभागाने ठरविले आहे.