निळ्या जर्सीचा मागोवा

सामना संपला की अंगातली जर्सी काढून प्रतिस्पर्ध्याला द्यायची, या रीतीचं मूळ शोधत गेलो तर आपण मे १९३१मध्ये पोचतो. पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर फ्रान्सने इंग्लंडला ५-२ असं हरवलं आणि त्या विजयाची खूण म्हणून फ्रेंच खेळाडूंनी इंग्रजांच्या जर्सी मागून घेतल्या, असं सांगतात. पुढे १९६६च्या विश्वचषकात, उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने अर्जेंटिनाला हरवलं. जॉर्ज कोहेन एका अर्जेंटिनी खेळाडूशी जर्सी बदलू लागला, तेव्हा प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांनी ती ओढून धरली. त्या क्षणाचा फोटो आजही पाहायला मिळतो. बरोबर वीस वर्षांनी, त्याच फेरीत, तेच दोन देश पुन्हा समोरासमोर आले.

अर्जेंटिनाची या वेळची जर्सी मात्र घाईघाईत जमवलेली होती. उरुग्वेविरुद्ध घातलेल्या निळ्या सुती जर्सी मेक्सिकोच्या उन्हात फार जड होतील, हे प्रशिक्षक बिलार्दो यांच्या मनाने घेतलं. त्यांच्या माणसांनी मेक्सिको सिटीतली दुकानं पालथी घालून हलक्या निळ्या जर्सी आणल्या. तिथल्याच क्लब अमेरिकाच्या शिलाईकाम करणाऱ्या बायकांनी त्यांवर संघाचे बिल्ले शिवले. पाठीवरचे आकडे अमेरिकन फुटबॉलचे, चंदेरी आणि चकाकणारे. तेच इस्त्रीने चिकटवले. जगातली सर्वांत महाग फुटबॉल जर्सी ठरली ती यांतलीच एक. तिच्यावर त्या अनाम हातांचे टाके आहेत, हे मला लिलावातल्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

२२ जून १९८६. अझ्टेका स्टेडियम, ५१वं मिनिट. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने चेंडू उंच उडवला, पण तो मागे, आपल्याच गोलरक्षकाच्या दिशेने गेला. अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने तो हाताने जाळ्यात ढकलला आणि चारच मिनिटांत तो अद्भुत दुसरा गोलही केला. सामन्यानंतर बोगद्यात मॅराडोनाची जर्सी हॉजच्या हाती आली. नॉटिंगहॅमच्या या मिडफिल्डरची कारकीर्द त्या एका चेंडूत संपवणं अन्यायाचं होईल. तो इंग्लंडकडून २४ सामने खेळला. ब्रायन क्लफ यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टबरोबर त्याने १९८९ आणि १९९०चा लीग कप जिंकला, आणि १९९२मध्ये लीड्सबरोबर जुन्या फर्स्ट डिव्हिजनचं शेवटचं विजेतेपद. २०१०मध्ये आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा शीर्षकात मात्र त्याने मॅराडोनाच्या जर्सीलाच जागा दिली.

जर्सी त्याने इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाला सुमारे वीस वर्षं प्रदर्शनासाठी दिली होती. मॅराडोनाच्या निधनानंतर दीड वर्षाने, मे २०२२मध्ये, सदबीजच्या लिलावात तिला ७१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ही पहिल्या अर्ध्यातली जर्सी आहे, असा दावा मॅराडोनाच्या मुलीने केला होता. जुन्या फोटोंशी धागा न् धागा ताडून पाहून सदबीजने तो खोडून काढला. त्याच वर्षअखेरीस ती जर्सी दोह्याच्या क्रीडा संग्रहालयात काचेआड होती, आणि तिथून जवळच, लुसैलच्या मैदानावर, अर्जेंटिनाने छत्तीस वर्षांनी पुन्हा विश्वचषक उचलला.