जुहूचें आकाश आणि गोंदूरची धांवपट्टी

धुळ्याजवळील गोंदूरच्या विमानतळावर एखादें चिमुकलें विमान घिरट्या घालतांना पाहून मुंबईच्या पाहुण्यास नवल वाटतें. विमानविद्या मुंबईची; ती समुद्रकांठ सोडून खानदेशांत कशासाठीं आली? या प्रश्नाचें उत्तर जमिनीवर शोधून सांपडावयाचें नाहीं. तें आकाशांत आहे.

बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ सालची, आणि जुहूचें विमानतळही त्याच वर्षाचें. जे. आर. डी. टाटा यांनीं याच क्लबांत शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजीं भारतांतील पहिला वैमानिक-परवाना मिळविला. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन ते जुहूस उतरले, तेव्हां त्यांच्या 'पस मॉथ' विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. वाटेंत कोणी हटकणारा नव्हता, कोणी वाट दाखविणाराही नव्हता. अहमदाबादेस पेट्रोल आलें तें बैलगाडींतून!

त्या काळीं वैमानिक खालचे रस्ते, लोहमार्ग आणि नद्या पाहून वाट काढीत. ही रीत सोपी खरी; परंतु समोरून येणाराही तोच रस्ता पाहत असला तर? फ्रान्समध्यें ७ एप्रिल १९२२ रोजीं नेमकें हेंच घडलें. धुक्यांत दोन विमानें समोरासमोर आदळलीं आणि सात माणसें गेलीं. लंडनजवळ क्रॉयडन येथें तत्पूर्वींच, १९२० सालीं, नियंत्रणाचा मनोरा उभा राहिला होता. त्याची खरी गरज या अपघातानें जगास पटली.

मुंबईंत निराळीच अडचण उद्भवली. जुहूपासून हांकेच्या अंतरावर सांताक्रूझचें मोठें विमानतळ झालें, आणि दोहोंच्या मुख्य धांवपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच! १९५३ सालीं एक 'कॉमेट' जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपानी कंपनीच्या 'डीसी-८' विमानानें तीच चूक केली. प्राण कोणाचे गेले नाहींत, पण विमान कायमचें निकामी झालें. मोठी विमानेंच जेथें फसतात, तेथें नवशिक्यानें काय करावें?

अशा आकाशास नियंत्रित आकाश म्हणतात. त्यांत शिरतांना विचारावयाचें, धांवपट्टीच्या तोंडाशीं थांबावयाचें, सांगितलेल्या उंचीच्या वर जावयाचें नाहीं आणि खालींही यावयाचें नाहीं. आज्ञा नुसती ऐकून भागत नाहीं. पंतोजींपुढें पाढे म्हणावेत तशी ती परत म्हणून दाखवावी लागते. इंग्रजी नऊचा उच्चारही मुद्दाम 'नाइनर' असा करतात, कारण खरखरींत 'नाइन' आणि 'फाइव्ह' यांचा घोटाळा होतो. बिनतारी यंत्र बिघडलेंच, तर मनोऱ्यावरील दिव्याकडे पाहावयाचें: स्थिर हिरवा असला तर उतरा, स्थिर लाल असला तर दुसऱ्यास वाट द्या आणि घिरट्या घालीत राहा.

या सोपस्कारांना कोणी हंसूं नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत एका विमानास १५ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. तें खालीं आलें, १४ हजार फुटांवरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानावर आदळलें, आणि ३४९ माणसें मेलीं.

जुहूच्या विद्यार्थ्याचा वेळ उडण्यापेक्षां परवानगीची वाट पाहण्यांतच जाऊं लागला, तेव्हां क्लबनें शिक्षणाचें ठाणें धुळ्यास नेलें. माझ्या मतें निवड उत्तम होती. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्यें तापीचें सपाट खोरें. मोठीं विमानें फार उंचावरून निघून जातात. खालचें आकाश मोकळें. पांझरेचें पात्र, लळिंगचा किल्ला आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांवरून वाट पारखावी, पूर्वींच्या वैमानिकांसारखी! मात्र जळगांवकडे वळलें कीं पुन्हां मनोऱ्याची आज्ञा आली. तेथील विमानतळाचें उद्घाटन २०१२ सालीं जळगांवच्याच प्रतिभाताई पाटील यांनीं राष्ट्रपति असतांना केलें, आणि २०१७ च्या डिसेंबरांत तेथें मुंबईहून प्रवासी विमानही येऊं लागलें.

परंतु मोकळें आकाश म्हणजे निर्धास्त आकाश नव्हे. १६ जुलै २०२१ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, चोपडा तालुक्यांतील वर्डीजवळ सातपुड्याच्या रानांत एक शिकाऊ विमान कोसळलें. शिक्षक जागींच गेले. विद्यार्थिनी जबर जखमी झाली. तेथें गाडीचा रस्ता नव्हता. भिल्ल वस्तींतील एका बाईनें अंगावरचें लुगडें सोडून दिलें. त्याची झोळी करून गांवकऱ्यांनीं त्या मुलीस चिखल तुडवीत रस्त्यापर्यंत आणलें.